खांबेटेसाहेबांचा चहा

...तर ती कुंकवाची डबी धुवट रुमालात गुंडाळून खांबेटेसाहेब मालकांच्या ओटीवर उभे, आणि आत वासंतीबाईंच्या हळदीकुंकवाच्या बायका अजून उठलेल्यासुद्धा नाहीत, इथपर्यंत काल आलो होतो. तेवढ्यात आमची म्हैस सुटली आणि गोष्ट राहिली. म्हैस सापडली. कोलशेतच्या बाजूला कुणाच्या तरी वालाच्या शेतात इतकी निवांत उभी होती की जसं तिला तिथे जेवायचं बोलावणंच होतं. असो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो.

आमच्या बाळकुमच्या घराच्या कुंपणाला लागूनच औषधांचा कारखाना होता. टॉनिकं, टिंक्चरं, पोटदुखीचे थेंब असलं तिथे तयार व्हायचं. स्वराज्य येऊन दोनतीन वर्षं झालेली, आणि दारूबंदी कडक. आता गंमत अशी, की या औषधांना स्पिरिट लागतं, आणि स्पिरिट म्हणजे दारूची आईच. म्हणून सरकारचा कायदा असा, की स्पिरिटची पिपं ज्या कोठीत ठेवायची तिला दोन कुलपं. एक सरकारचं, एक कंपनीचं. सरकारी कुलपाची किल्ली सरकारी अधिकाऱ्याकडे, कंपनीच्या कुलपाची कंपनीच्या माणसाकडे. एकट्याला दार उघडता येऊ नये. त्यासाठी सरकारने एक अधिकारी कायमचा कारखान्यातच बसवलेला. पगार सरकारचा, बसणं कारखान्यात, राहणं कारखान्याच्या भिंतीला लागून बांधलेल्या दोन खोल्यांत. ते अधिकारी म्हणजे हरिहर खांबेटे.

आणि दुसरी किल्ली माझ्याकडे. मी सहदेव भोईर, गावच्या शाळेत मराठी चौथी पास. मला ती जागा कशी मिळाली म्हणाल, तर कारखान्याच्या मालकांनी आमच्या आळीत चौकशी केली, दारू न पिणारा कोण आहे. आळीत बराच वेळ शांतता झाली. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी काही फार नीतीचा होतो असं नाही. मला त्या वासानेच मळमळतं. पण मालक म्हणाले, हाच माणूस पाहिजे.

तर डबी. संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते. मालकीणबाईंनी, म्हणजे वासंतीबाईंनी, सुमतीबाईंना बोलावलं होतं. सुमतीबाई म्हणजे खांबेटेसाहेबांची बायको. बाळकुमला येऊन त्यांना थोडेच महिने झाले होते, आणि कुणी घरी बोलावण्याची ही पहिलीच वेळ. चांगलं जरीकाठी लुगडं नेसून त्या गेल्या. तिळगूळ घेतला, ओटी भरून घेतली, वाण म्हणून मिळालेली पितळेची एवढीशी डबी घेऊन हसत घरी आल्या. आमची ठमाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, कुंपणातून पाहत होती. ती म्हणाली, "बाय हसली की किती बरी दिसते!"

अर्ध्या घटकेत साहेब बाहेर आले. हातात रुमाल. सरळ मालकांच्या ओटीवर. मी तिथेच कंदील पुसत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"वासंतीबाई, राग मानू नका," साहेब म्हणाले. "ही वस्तू आमच्या घरी राहू शकत नाही."

"वस्तू?" वासंतीबाई म्हणाल्या. "अहो, कुंकू आहे ते."

"आतलं कुंकू हिने कपाळाला लावलं आहे. ते परत करता येत नाही. डबी तेवढी परत करतो आहे."

आतून मालकांची आत्या गोदूबाई काठी टेकत बाहेर आली. तिला कमी ऐकू येई, पण असल्या गोष्टी तिला बरोबर ऐकू येत. "अरे मेल्या, सवाष्णीचं वाण परत आणलंस? बायकोला विचारलंस तरी?"

साहेबांनी विचारलं नव्हतं. ते खाली पाहून म्हणाले, "तुम्ही स्पिरिटचे लायसनदार. लायसनदाराकडून काही घेता येत नाही आम्हाला. नियम आहे." आणि डबी ओटीच्या कडेला ठेवून गेले. कुणी ती उचलेना. शेवटी मांजराने पाडली, तेव्हा मोलकरणीने आत नेली.

बाया गोष्ट सांगायला लागल्या की गावाला कळायला किती वेळ लागतो? ठाण्याच्या बाजारापर्यंत पोचली. दारूबंदीवाल्याने कुंकू परत केलं. डबीचं कुणी बोलेना, कुंकूच म्हणू लागले.

साहेब वाईट नव्हते हो. मी त्यांच्या शेजारी इतकी वर्षं उभा राहिलो, मला ठाऊक. सरकारी किल्ली ते जानव्याला बांधत. झोपताना, अंघोळ करताना ती तिथेच. वाकले की ती छातीवर वाजायची, आणि कामगार म्हणायचे, गायीची घंटा आली. रुजू झाले तेव्हा त्यांच्या कचेरीत अण्णा नावाचे हेडक्लार्क होते. त्यांनी बजावून सांगितलेलं, लायसनदाराच्या पाण्यालासुद्धा हात लावायचा नाही, चहा तर नाहीच, हा नियम. आधीच्या अधिकाऱ्याची नोकरी गेली ती चहापासूनच सुरू झाली होती म्हणे. आधी चहा, मग चहाबरोबर चिवडा, मग दिवाळीचा फराळ, आणि एक दिवस पिपात स्पिरिट कमी आणि साहेब जास्त खूष. साहेबांनी ते मनात पक्कं बांधून घेतलं. कारखान्याच्या नळाचं पाणी पीत नसत. गावच्या विहिरीवरून स्वतः कळशी आणत. खोल्या मालकांनी बांधलेल्या, तर त्यांचं भाडं आधी सरकारला कळवून मगच देत. गवंड्याने भिंतीत एक फडताळ जास्तीचं ठेवलेलं होतं, साहेब त्यात काही ठेवत नसत. म्हणत, भाड्यात ते धरलेलं नाही.

आणि रजा? रजा नाहीच. साहेब नसले तर कोठी उघडत नाही. कोठी उघडली नाही तर औषध होत नाही. बदली माणूस आल्याशिवाय साहेबांना तापसुद्धा यायची सोय नव्हती. एकदा हिवताप आला, तर चादर पांघरून, दात वाजवत दाराशी आले. कामगार बाहेर उभे. त्यातला एकजण म्हणाला, "बरे होऊन या साहेब, आमचा खाडा पडतोय." त्यात प्रेम किती आणि खाड्याची काळजी किती, ते मी सांगत बसत नाही.

गावातही तीच गत. त्या वेळी आमच्या खाडीकडच्या झाडीत हातभट्ट्या जोरात. साहेबांचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, त्यांचं काम कोठीपुरतं. पण दारूबंदीचं खातं म्हटल्यावर लोकांना फरक कळतो होय? साहेब रस्त्याने निघाले की पारावरची माणसं उठून आपापल्या कामाला लागायची. ज्यांना काम नव्हतं तीसुद्धा. साहेब बिचारे हसून नमस्कार करायचे, आणि समोर नमस्कार घ्यायला कोण, तर पिंपळ.

पण साहेब निदान दिवसभर कोठीत तरी असायचे. सुमतीबाईंचं काय? त्या डबीनंतर त्यांना कुठलंच बोलावणं आलं नाही. विहिरीवर गेल्या की बायकांचं बोलणं थांबायचं, त्या कळशी भरेपर्यंत सगळ्या रहाटाच्या दोरीकडे बघत बसायच्या. आमची ठमाबाई तेवढी कुंपणातून बोलायची. एकदा तिने शेवग्याच्या शेंगा कुंपणावरून दिल्या. घरच्या झाडाच्या. संध्याकाळी पाहतो तर शेंगा परत आमच्या कुंपणावर, एकीला एक लावून नीट टांगलेल्या.

"या मानसाला झालंय तरी काय?" ठमाबाई माझ्यावरच ओरडली. "झाड माझ्या सासऱ्याने लावलंय, कारखान्याने नाय!"

दुसऱ्या दिवशी मी दाराशी साहेबांना तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "भोईर, झाड तुमचं. पण तुम्ही कोणाचे?"

मी कंपनीचा. पगार कंपनीचा. खरं होतं. मी माझी किल्ली काढली.

पावसाळा संपताना एक दिवस सुमतीबाईंनी ट्रंक भरली. डोंबिवलीला त्यांचा भाऊ आनंद राहायचा, रेल्वेत कारकून. त्याच्याकडे जायचं ठरलं. पोपट टांगेवाल्याला बोलावलेलं. ट्रंक चढवायला मी गेलो होतो. साहेब टांग्याच्या चाकाला हात लावून उभे, जसं काही तेवढ्याने चाक थांबेल.

"अगं, थोडे दिवसच ना?" ते म्हणाले.

सुमतीबाई चढून बसल्या. पदर सारखा केला. मग अगदी हळू, पण आम्हा दोघांना ऐकू येईल असं बोलल्या. "अहो, मी तुमच्यावर रागावून चालले नाही. मला इथे बोलायला माणूस नाही, म्हणून चालले. या गावात एक घर असं करा, की तिथे आपण दोघं जाऊन बसू, आणि ती माणसं 'चहा घ्या' म्हणतील, आणि तुम्ही घ्याल. एकच घर. त्या दिवशी मला न्यायला या. मी विचारणारसुद्धा नाही, लगेच निघेन."

पोपटाला गप्प बसवत नाही. लगाम ओढत म्हणाला, "साहेब, तुम्ही पन बसा टांग्यात. का त्यालाबी परवाना लागतो?"

साहेबांनी चाकावरचा हात काढला. टांगा गेला.

मग साहेब एकटे. भात स्वतः लावायचे. कधी तो लागायचा, आणि वास आमच्या अंगणात यायचा. ठमाबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "आज पन करपला." तिच्या आवाजात चेष्टा कमी असायची. संध्याकाळी खोलीच्या दारात खुर्ची टाकून साहेब बसायचे, तोंड मिठागराकडे. पाखरं उतरायची, उडायची. खुर्ची एकच होती. दुसरी घडी करून भिंतीला लावलेली, सुमतीबाईंची. तिच्यावर साहेबांनी कधी कपडासुद्धा टाकला नाही.

आमचा चहा मात्र इथे सांगायलाच हवा. पिपातलं स्पिरिट मोजून झालं, काचेची नळी बुडवून त्याचा कडकपणा पाहून झाला, दार बंद करून दोन्ही कुलपं लावली, की दोघांची डोकी त्या वासाने जड झालेली असायची. मग कोठीच्या पायरीवर बसायचं. साहेबांचा चहा त्यांच्या थर्मासात, त्यांच्याच घरून. माझा चहा ठमाबाईने बाटलीत भरून दिलेला. साहेब त्यांच्या कपात ओतायचे, मी माझ्या पेल्यात. दोघांमध्ये एका माणसाची जागा रिकामी. आणि दोघांनी एकदमच प्यायचा, बरं का. मी आधी संपवला तर साहेबांना वाईट वाटायचं, म्हणून मी रेंगाळायचो. त्यांनाही माझ्यासाठी तसंच वाटत असावं, कारण तेही रेंगाळायचे. चहा पार थंड व्हायचा दोघांचा.

एकदा त्यांची साखर संपली होती. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, "माझ्यात आहे गोड, थोडा ओतू?"

"नको, नको. बरा लागतो असाही."

"साहेब, पायरी सरकारी का कंपनीची?"

"कंपनीची."

"मग तिच्यावर कसे बसता?"

साहेब झटकन उठले! खरंच उठले. मला हसावं का रडावं कळेना. "अहो, बसा, बसा, मी थट्टा केली," म्हणत मी त्यांना हाताला धरून बसवलं. तेव्हा ते हसले. त्या हसण्याचा आवाज घोगरा होता, पुष्कळ दिवस न वापरलेल्या बिजागरीसारखा. त्या दिवशी मला ते एकदम जवळचे वाटायला लागले.

दर रविवारी कारखाना बंद, तेव्हा साहेब डोंबिवलीला जात. पुढे पुढे एक रविवार सोडून. मग त्याहून कमी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जाऊन सांगायचं काय?"

माझी बहीण शेवंती आंबिवलीला दिलेली. तिच्याकडे जायचं होतं, तेव्हा एका रविवारी मी म्हटलं, साहेब, चला, डोंबिवलीपर्यंत सोबत होईल. आणि डोंबिवलीला उतरल्यावर ते मला सोडीनात. "आलाच आहात तर चला." एकट्याने जायची त्यांना भीती वाटत होती असं मला वाटलं.

आनंदरावांची दोन खोल्यांची जागा, चाळीत वरच्या मजल्यावर. खाली विहीर, विहिरीवर बायका, आणि त्यांच्यामध्ये सुमतीबाई. काहीतरी सांगत होत्या आणि बाकीच्या हसत होत्या. साहेब कोपऱ्यावर थांबले. पाहत राहिले. मला म्हणाले, "बघा, किती बोलते आहे." मग त्यांना पाहून सुमतीबाई थांबल्या, पदर खोचला आणि वर आल्या.

चहा झाला. मला दिला, मी घेतला. चांगला आलं घातलेला. साहेबांनी घेतला, तो मेव्हण्याच्या घरचा, त्याला काही हरकत नव्हती. आनंदराव पेपर उघडून बसले, पण पान उलटत नव्हते. मग सुमतीबाई साहेबांना सोडून माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, इथे चहा घेतलात. यांना तुमच्या घरी कधी बोलावलंत का?"

"बाई, रोज बोलावतो. ठमाबाई तर शिव्या घालून बोलावते."

"मग?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब छपराच्या कौलांकडे बघत होते.

"हे कंपनीचे आहेत," ते म्हणाले. "यांच्याकडे घेतला काय आणि मालकाकडे घेतला काय, नियमात एकच."

"नियमात सूट नसते का?" सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही एवढे परवाने तपासता. कारखान्याला स्पिरिट वापरायला परवानगी मिळते. तुम्हाला चहाची नाही मिळणार?"

आनंदराव पेपरामागून हसले. मीही हसलो. पण साहेब नाही हसले. ते कौलांवरून नजर काढून बायकोकडे बघायला लागले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जसं कुणी अडलेलं दार उघडून दाखवलं.

आणि काय केलं त्यांनी ठाऊक आहे? अर्ज केला! शप्पथ सांगतो. वरच्या साहेबांना अर्ज. की कारखान्याच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या, कोठीच्या दुसऱ्या किल्लीच्या माणसाच्या घरी, म्हणजे माझ्या, सपत्नीक चहा घेण्याची परवानगी मिळावी. मला वाचून दाखवला. चहा कुणी करणार, दूध कुठल्या म्हशीचं, साखर कुठून आणलेली, सगळं त्यात. म्हशीचं नावही विचारलं होतं मला. मी म्हटलं, "साहेब, चंद्री. पण तिला जामीन राहायला सांगू नका."

अर्ज गेला, आणि साहेबांचं बघणं बदललं. टपालवाला आला की ते कोठीतून मान बाहेर काढायचे. एकदा मला विचारलं, "ठमाबाई चहा कसा करतात? हिला पातळ आवडतो." आणखी एकदा म्हणाले, "तुमच्या ओटीवर दोन पाट असतील ना?" मी घरी जाऊन सांगितलं तर ठमाबाईने लगेच पाट घासून वाळत टाकले. पाट वाळले, परत धुळीने भरले. उत्तर नाही. साहेबांनी आठवण देणारं टपाल पाठवलं नाही. म्हणाले, वरिष्ठांना घाई करता येत नाही.

मग थंडीत वार्षिक तपासणी आली. वरचे साहेब मोटारीतून आले. गोरेपान, जाडजूड, मोठ्याने बोलणारे. कोठी पाहिली, कुलपं ओढून पाहिली, पिपं वाजवली. सगळं चोख. "शाबास खांबेटे!" मग मालक त्यांना हाताला धरून कचेरीत घेऊन गेले. दोन्ही किल्ल्या दाखवायच्या होत्या म्हणून मीही दाराशी.

टेबलावर चहा आला. शिरा आला, वर बेदाणे. वरच्या साहेबांनी कप उचलला, बशीत ओतला आणि सुर्रकन ओढला.

मी खांबेटेसाहेबांकडे पाहिलं. ते भिंतीला लागून उभे होते, बगलेत थर्मास.

"अहो, उभे काय? बसा. चहा घ्या," वरचे साहेब म्हणाले.

"आपण घ्या साहेब. मला नियमाने चालत नाही."

"कुठल्या नियमाने?"

"लायसनदाराकडचा चहा."

वरच्या साहेबांनी बशी खाली ठेवली आणि असे हसले की मालकांनाही हसावं लागलं. "म्हणजे तो अर्ज तुमचाच! म्हशीचा! अहो, आमच्या कचेरीत दुपार झाली की तो मोठ्याने वाचतात. मला वाटलं कुणी थट्टा केली आहे."

"थट्टा नव्हती साहेब."

"असा नियम नाही हो खांबेटे. भेटवस्तू, पैसे, ते नाही घ्यायचं, ते बरोबर. पण चहापाणी, तिळगूळ, सणासुदीला बायकांचं हळदीकुंकू? त्याला कोण नियम करतो? तुम्हाला सांगितलं कुणी?"

"अण्णांनी. रुजू झालो तेव्हा."

"अण्णा!" वरचे साहेब शिऱ्याचा चमचा हलवत म्हणाले. "अण्णा प्रत्येक नव्या माणसाला तेच सांगत. बाकीचे ऐकत आणि विसरत. घ्या, गार होतोय."

मालकांनी एक कप पुढे केला. खांबेटेसाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला. पण प्यायले नाहीत. वरचे साहेब बोलत राहिले, पुढच्या कारखान्याची चौकशी केली, मोटारीत बसून गेले, तरी तो कप साहेबांच्या हातात तसाच. शेवटी त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला आणि कोठीकडे निघाले. मी मागे.

दिवसाचं शेवटचं स्पिरिट काढून द्यायचं राहिलं होतं. दार उघडलं, मोजलं, दार लावलं. माझं कुलूप लागलं. त्यांचं लागेना. किल्ली भोकात जाईना. मी धरायला गेलो तर मान हलवली. सरकारी किल्लीला माझा हात लागता कामा नये. तो नियम खरा होता, निदान तो तरी. शेवटी लागलं कुलूप.

मी आपला आनंदात. मला वाटलं, सुटले साहेब! घरी जाऊन ठमाबाईला सांगेन, पाट घासायला घे. पायरीवर बसलो, बाटली काढली, आणि मधली रिकामी जागा ओलांडून त्यांच्या अगदी जवळ सरकलो.

"साहेब, आता कसली वाट बघता? वरच्यांनी तोंडाने सांगितलं, नियमच नाही. चला, आजच चला आमच्याकडे. येता ना?"

साहेब बसले नाहीत. बंद दाराला टेकून उभे राहिले. थर्मास पायरीवर ठेवला. मग माझ्याकडे वळले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भोईर न म्हणता बोलले:

"येईन, सहदेव. पण आधी डोंबिवलीला जाऊन हिला सांगावं लागेल, की तसा नियम नव्हताच. ते ऐकूनही ती आली, तर दोघं येऊ. नाही आली, तर ठमाबाईंना सांग, आधण ठेवू नका."